मूल कुठे चुकले हे आम्हाला कळते, का चुकले हे कळायला वेळ द्या: राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे.

विषय : वह्या व उत्तरपत्रिका तपासताना मुलांचे गैरसमज शोधणे आणि ते दुरुस्त करण्यासाठी वर्गात वेळ राखून ठेवणे याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. मूल्यमापन, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि राज्यस्तरीय चाचण्यांची रचना ही तिन्ही कामे आपल्या परिषदेच्या कक्षेत येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन रात्री लाल पेन हातात घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला यातली अडचण ओळखीची वाटेल, म्हणून ते खुले ठेवले आहे. आम्ही तपासतो पुष्कळ. त्या तपासणीतून गुण निघतात, सही होते, तक्ते भरले जातात. परंतु मूल कोणत्या विचाराने चुकले हे त्यातून क्वचितच बाहेर येते, आणि आले तरी ते दुरुस्त करायला वेळापत्रकात जागा नसते. माझी मागणी या दोन गोष्टींपुरतीच आहे.

मुद्दा उदाहरणाने मांडलेला बरा. दोन अंकी वजाबाकीची १० उदाहरणे दिली, त्यांतली ५ हातच्याची आणि ५ बिनहातच्याची. एका मुलीला १० पैकी ५ मिळाले. तिची वही उघडली तर ७४ − ३८ चे उत्तर ४४ आहे आणि ६३ − २९ चे ४६. ही मुलगी घाई करणारी नाही आणि बेफिकीरही नाही. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा तिचा नियम आहे आणि तो ती अतिशय काटेकोरपणे पाळते आहे. तिच्या शेजारच्या मुलालाही ५ च गुण आहेत, पण त्याचे ७४ − ३८ चे उत्तर ४६ आहे: त्याने एक दशक सुटा करून १४ मधून ८ वजा केले, मात्र दशकाच्या घरातले ७ कमी करून ६ करायचे राहिले. दोघांच्या प्रगतिपत्रकावर गुण सारखेच येतील आणि दोघांना एकाच उपचारात्मक वर्गात बसवून हातच्याची वजाबाकी पहिल्यापासून शिकवली जाईल. वास्तविक मुलाला दशक सुटा करणे समजलेले आहे, त्याची एक पायरी निसटते; मुलीला मात्र वरच्या संख्येतून खालची संपूर्ण संख्या वजा करायची आहे हेच उमगलेले नाही.

आता याच चाचणीत ५२ − २७ हे उदाहरण असते तर काय झाले असते, हे करून पाहावे. मुलीच्या रीतीने ७ मधून २ आणि ५ मधून २, म्हणजे ३५. मुलाच्या रीतीने १२ मधून ७ आणि ५ मधून २, म्हणजे पुन्हा ३५. एककाच्या दोन अंकांतला फरक ५ असला की हे दोन्ही गैरसमज एकाच चुकीच्या उत्तरापाशी येतात आणि तपासणाऱ्याला काहीच वेगळे दिसत नाही. म्हणून कोणते उदाहरण द्यायचे हा निर्णय तपासणीच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने, प्रत्येक ओळखीच्या गैरसमजातून या प्रश्नाचे कोणते उत्तर येईल, हे स्वतः सोडवून पाहिलेले नसेल, तर पुढे शिक्षकाने कितीही बारकाईने तपासले तरी त्याच्या हाती फार काही लागत नाही. वजाबाकीतल्या चुका अशा नियमबद्ध असतात हे अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली सविस्तर मांडले होते. इतक्या वर्षांनंतरही आमच्या प्रशिक्षणांत चुकीची उत्तरे समोर ठेवून ती वाचण्याचा सराव नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दशांश अपूर्णांकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ०.४ आणि ०.३५७ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की काही मुले ०.३५७ म्हणतात, कारण ३५७ हे ४ पेक्षा मोठे. पण ज्यांनी ०.४ असे बरोबर उत्तर लिहिले, त्यांतही दोन प्रकारची मुले असतात. काहींना स्थानिक किंमत समजलेली असते. उरलेल्यांची समजूत अशी असते की दशांश चिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, कारण सहस्रांश हे दशांशापेक्षा लहान असतात. या दुसऱ्या गटाला आपण पूर्ण गुण देतो, आणि ०.६ व ०.७३ ची तुलना आली की तीच मुले ०.६ मोठी म्हणतात. त्याऐवजी ०.४५, ०.४ आणि ०.३५७ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती असे विचारले, तर एकाच प्रश्नात तिन्ही गट वेगळे होतात. ०.३५७ लिहिणारे पहिल्या समजुतीचे, ०.४ लिहिणारे दुसऱ्या समजुतीचे आणि बहुतेक वेळा ०.४५ लिहिणाऱ्यांना कल्पना समजलेली असते. तपासायला वेळ तेवढाच लागतो.

या समजुती मुले हवेतून आणत नाहीत. १९.४ षटके म्हणजे १९ षटके आणि ४ चेंडू, आणि १९.५ नंतर पुढचा वैध चेंडू पडला की थेट २०, हे आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ठाऊक असते. घड्याळातले २.३० म्हणजे अडीच, हेही त्याला पक्के माहीत असते. मग ५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे असे त्याने लिहिले, तर ते त्याने आजूबाजूच्या जगातून नीट निरीक्षण करून काढलेले अनुमान आहे. त्याच्या वहीत फुली मारून ‘नीट अभ्यास कर’ असे लिहिल्याने ते अनुमान हलत नाही. षटकात चेंडू ६ असतात, तासाची मिनिटे ६० असतात आणि रुपयाचे पैसे १००; मग टिंबापुढच्या अंकाचा अर्थ या तीन ठिकाणी सारखा कसा असेल, हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवला तर तो विचाराला लागतो.

सर्वांत लहान वर्गांतही हेच दिसते. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारे मूल आपल्याकडे नवे नाही. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास तीन’ असे पर्यायी वाचन आले तेव्हा राज्यभर चर्चा झाली आणि तिचा बहुतेक भर भाषेच्या अभिमानावर राहिला. वर्गातल्या शिक्षकापुढचा प्रश्न निराळा असतो. हे मूल आधी ‘त्रे’ ऐकते म्हणून आधी ३ लिहिते की त्याला दशक आणि एकक यांतला फरकच कळलेला नाही? त्याला दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि काही सुट्या काड्या देऊन त्रेपन्न मांडायला सांगितले की मिनिटाभरात उलगडा होतो. पाच जुड्या आणि तीन काड्या ठेवणाऱ्या मुलाला फक्त लेखनाचा सराव हवा असतो. तीन जुड्या ठेवणाऱ्याला स्थानिक किंमत नव्याने शिकवावी लागते.

बरोबर उत्तराखाली दडलेला गैरसमज मला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त काळजीचा वाटतो, कारण तो शोधायला कोणी जातच नाही. ऋतू कशामुळे होतात, या प्रश्नाला ‘पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे’ असे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. त्याच मुलांना ‘मग उन्हाळ्यात जास्त गरम का होते?’ असे पुढे विचारावे. कित्येकांचे उत्तर येते की अक्ष कलल्यामुळे आपला भाग सूर्याच्या जवळ जातो. म्हणजे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्यांनी आपल्या जुन्याच समजुतीत बसवून घेतले आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालून शाळेत येतो त्या दिवसांत. आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात भर उन्हाळ्यात कसोटी सामने चाललेले असतात. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की अंतराची कल्पना मुले स्वतःच सोडून देतात, किरण किती तिरपे पडतात आणि दिवस किती मोठा असतो याकडे वळतात. पण त्यासाठी दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि आमच्या उत्तरपत्रिकेत पहिल्या प्रश्नापाशीच टिकमार्क पडून काम संपते. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर हा पडदा आणखी जाड होतो. मूल पाठ केलेले इंग्रजी वाक्य जसेच्या तसे उतरवते आणि त्यातला एकही दुवा त्याला मराठीत सांगता येत नाही. अशा मुलांना कारण लिहिताना मराठीत लिहिण्याची मुभा असावी, हे मी येथेच नोंदवून ठेवते.

शासनाचा हेतू याच्या विरुद्ध कधीच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याने मुलाच्या आकलनाचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे म्हटले, आणि त्याला धरून २०१० साली महाराष्ट्रात आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) व संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाची पद्धत आली. तीत वर्णनात्मक नोंदींना जागा दिली, ही माझ्या मते त्या निर्णयातली सर्वांत मोलाची गोष्ट होती. परंतु आज नोंदींची स्थिती काय आहे? तयार नोंदींच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि त्यांतली वाक्ये नोंदवहीत उतरवली जातात: ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेते’, ‘वाचनात सुधारणा आवश्यक’. ही वाक्ये कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही मुलाला चालतात. ‘अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते’ ही एक ओळ लिहिली, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेला जून महिन्यातच कळेल की या मुलीपाशी कुठून सुरुवात करायची. शिक्षक अशी ओळ लिहीत नाहीत याचे मुख्य कारण आळस नाही. नोंदी प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या आणि ठरलेल्या रकान्यांत भरायच्या असतात, आणि तपासणीच्या वेळी रकाना रिकामा नाही ना एवढेच पाहिले जाते.

वह्यांचेही तसेच आहे. वर्गात ५५ मुले असतील आणि एका वहीला फक्त दोन मिनिटे दिली, तरी एका विषयाच्या एका वर्गाला ११० मिनिटे लागतात. अशा तीन-चार वर्गांच्या वह्या असतात. प्रत्येक पानावर सही आणि तारीख हवी असा आग्रह असला की शिक्षकाचा सगळा वेळ पाने उलटण्यात जातो, आणि ज्या एका उदाहरणापाशी थांबायला हवे होते ते सहीखाली झाकले जाते. यावर मी जे करते आणि जे माझ्या काही सहकाऱ्यांनाही जमले आहे, ते सांगते. घटकाच्या मध्यावर, तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, विचारपूर्वक निवडलेला एकच प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी अर्ध्या कागदावर उत्तर व त्याचे कारण लिहून द्यायचे. त्या कागदांवर गुण द्यायचे नाहीत, फुलीही मारायची नाही. उत्तरांच्या प्रकारानुसार फक्त गठ्ठे करायचे. वर्ग मोठा असला तरी गठ्ठे सहसा तीन किंवा चारच होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली पंधरा मिनिटे कशासाठी वापरायची हे ते गठ्ठेच सांगतात. एवढ्या कामाला वीस मिनिटे पुरतात. सगळ्या वह्यांची सगळी पाने तपासण्याचा आग्रह सोडून महिन्यातून दोनदा असे गठ्ठे करण्याची मुभा परिषदेने लेखी परिपत्रकाने द्यावी. तोंडी सांगितलेले तपासणीच्या दिवशी टिकत नाही.

आता अभिप्रायाविषयी. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधील शालेय मुलांवर केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही देण्यात आले. सुधारणा दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांत. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांहून पुढे गेली नाहीत. वर्गात हे रोज दिसते. पेपर हातात पडला की मूल आधी आकडा पाहते, मग शेजाऱ्याचा आकडा पाहते आणि पेपर दप्तरात जातो. १९९६ साली क्लुगर आणि डेनिसी यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायामुळे कामगिरी उलट घसरल्याचे आढळले. म्हणजे अभिप्राय दिला एवढ्याने भागत नाही; तो मुलाचे लक्ष कुठे वळवतो हे पाहावे लागते. ‘छान’, ‘हुशार’, ‘लक्ष दे’ हे सगळे शेरे मुलाकडे पाहून लिहिलेले असतात, त्याच्या उत्तराकडे पाहून नव्हे.

१/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत बरोबर रीत लिहून देणे सोपे आहे, आणि ती रीत ती उतरवून घेईलही. मी तिथे एवढेच लिहिते: ‘२/५ हे १/२ पेक्षा लहान आहे की मोठे? पोळीचे चित्र काढून ठरव.’ अर्ध्या पोळीत आणखी एक तुकडा मिळवला आणि उत्तर अर्ध्या पोळीपेक्षाही कमी आले, हे तिला स्वतःला दिसले की समच्छेद कशासाठी करायचा याची तिला गरज वाटू लागते. ‘ऋण ऋण धन’ असे म्हणत −३ − ५ चे उत्तर ८ काढणाऱ्या मुलाला संख्यारेषेवर −३ पाशी बोट ठेवून डावीकडे ५ घरे जायला सांगितले, तर गुणाकाराचा नियम आपण वजाबाकीत आणला हे त्याच्या लक्षात येते. असा अभिप्राय लिहायला सहीपेक्षा जास्त वेळ लागतो; पण एका गठ्ठ्यातल्या सगळ्या मुलांना तोच प्रश्न चालतो, म्हणून तो फळ्यावर एकदाच लिहिता येतो. आणि त्यावर मुलांनी काही केले नाही तर तो लिहिला न लिहिला सारखाच, म्हणून उत्तर पुन्हा लिहायला वर्गातच वेळ हवा. गृहपाठ म्हणून दिलेली दुरुस्ती बहुतेक वेळा मित्राच्या वहीतून उतरवलेली असते.

येथे मी राज्यस्तरीय चाचण्यांकडे येते. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात पायाभूत चाचण्या सुरू झाल्या आणि २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होत आहेत. प्रश्नांना अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची विधाने) जोडलेल्या असतात, गुण ऑनलाइन भरले जातात. हे गुण एकूण भरले काय किंवा प्रश्ननिहाय भरले काय, शेवटी ते गुणच असतात. लाखो मुले एकाच दिवशी एकच प्रश्न सोडवतात, म्हणजे मराठी मुले गणितात कोणत्या रीतीने चुकतात हे जाणून घेण्याची इतकी मोठी संधी दुसऱ्या कोणाकडे नाही. प्रत्येक विषयाच्या चाचणीत फक्त तीन प्रश्न या हेतूने बांधावेत, आणि त्या तीन प्रश्नांपुरते शिक्षकाने गुणांऐवजी उत्तराचा प्रकार नोंदवावा: ४४ लिहिणारी मुले किती, ४६ लिहिणारी किती, कोरे सोडणारी किती. चाचणीनंतर महिनाभरात परिषदेने त्या तीन प्रश्नांवर प्रत्येकी एक पानी टिपण शाळांना पाठवावे, ज्यात चुकीच्या उत्तरामागचा विचार, तो तपासायचा पुढचा प्रश्न आणि वर्गात करायची एक कृती असेल. केंद्रस्तरावरच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत त्या टिपणावर शिक्षकांनी आपापल्या वर्गाचे कागद आणून चर्चा करावी. सूचना वाचून दाखवण्यात जाणाऱ्या वेळाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

याला जोडून एक अट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गैरसमजांची ही नोंद शाळांची क्रमवारी लावण्यासाठी, शिक्षकाला जाब विचारण्यासाठी किंवा गोपनीय अहवालासाठी कधीही वापरली जाणार नाही, असे परिषदेने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. चुका दाखवल्या की स्पष्टीकरण मागितले जाते असा अनुभव एकदा आला की शिक्षक चुका लपवू लागतात: फळ्यावर उत्तर लिहून देतात, कच्च्या मुलाला चाचणीच्या दिवशी घरी राहायला सुचवतात. मग जमा होणारी माहिती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. माझ्या वर्गातल्या २० मुलांना दशांश अपूर्णांक समजलेले नाहीत, हे मी निर्धास्तपणे लिहू शकले पाहिजे, कारण ते लिहिल्याखेरीज मला मदत मागता येत नाही.

अभ्यासक्रम पूर्ण कधी होणार, हा आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो खोटा नाही. पाचवी ते आठवीच्या गणितात प्रत्येक घटकाला दोन तास दुरुस्तीसाठी दिले तर वार्षिक नियोजनातून काहीतरी बाजूला काढावे लागेल. त्यासाठी एकाच प्रकारच्या उदाहरणांचे लांबलचक सरावसंच कमी करावेत असे मी सुचवते. गैरसमज बाळगणारे मूल २० उदाहरणे सोडवते तेव्हा तो गैरसमजच २० वेळा घोटला जातो. शिवाय सहावीत राहून गेलेला दशांश आठवीच्या शेकडेवारीत, चक्रवाढ व्याजात आणि विज्ञानातल्या प्रत्येक मापनात पुन्हा भेटतो, आणि तिथे तो शिकवायला दोनांऐवजी कितीतरी जास्त तास जातात. नियोजनात हे तास ‘उत्तरपत्रिका परतीचा व दुरुस्तीचा तास’ अशा नावाने छापले गेले, तर मुख्याध्यापकांनाही ते राखता येतील. त्याच जोडीला, पाठ्यपुस्तकांत शिक्षकांसाठी जी सूचनांची जागा असते, तिथे त्या घटकात मुले नेहमी कोणत्या दोन-तीन रीतींनी चुकतात हे देण्याविषयी परिषदेने बालभारतीशी बोलावे.

सगळ्या राज्यात एकदम काही सुरू करावे असे माझे म्हणणे नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या सत्रात, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमार्फत, प्रत्येक विभागातली काही केंद्रे निवडून पाचवी आणि सहावीच्या गणितापुरते हे करून पाहावे: सही-तारखेच्या सक्तीतून सूट, महिन्यातून दोन निदान-प्रश्न (गैरसमज ओळखण्यासाठी निवडलेले), प्रत्येक घटकाला दोन दुरुस्तीचे तास आणि गैरसमजांच्या नोंदीला वर दिलेले संरक्षण. त्या केंद्रांत वापरण्यासाठी वजाबाकी, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि ऋण संख्या या चार घटकांवरचे निवडक प्रश्न, त्यांना मिळालेली मुलांची उत्तरे (नावे वगळून) आणि गठ्ठे करण्याची रीत मी व माझे सहकारी लिहून द्यायला तयार आहोत. प्रश्न बांधणाऱ्या तज्ज्ञ गटात रोज वर्गावर जाणारे निम्मे शिक्षक असावेत, एवढी विनंती आहे. या प्रस्तावावर परिषदेचे मत काय आहे, आणि तो शक्य नसल्यास त्यातले नेमके काय अडते, हे लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
गणित व विज्ञान विषयाची एक शिक्षिका